म्हशीचं आंबोण

राहीनं दूध तांब्यात ओतलं, असं राहीला वाटलं. प्रत्यक्षात ते तांब्याशेजारी बसलेल्या आबांच्या धोतरावर पडलं. आबा म्हणजे तिचे आजेसासरे भिमाजी. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात एकही नाही, पण आवाज शाबूत. दूध कोमट होतं म्हणून निभावलं. एरवीही ओरडायला आबांना कारण लागत नसे आणि इथं तर ते आयतंच अंगावर आलं होतं.

"मेलो, मेलो! भाजून काढलं ह्या पोरीनं!"

चुलीपुढून गोजरबाई कडाडली, "डोळे काय माहेरी ठिवून आली का गं?"

"आत्याबाई, दिसलं न्हाई."

"दिसलं न्हाई? आजून दिस मावळला न्हाई धड. त्या लिंबावरचा कावळा दिसतोय मला हितनं."

राही खाली बसली. सासऱ्याचा बाप भिजला म्हटल्यावर पुसायला हवं, एवढं तिला कळत होतं. तिनं पदर हातात घेतला, अंदाजानं पुढं केला आणि आबांच्या शेजारचा खांब पुसायला लागली. चांगला घासून पुसला. आबा ओरडायचे थांबून बघतच राहिले.

गोजरबाईनंही ते बघितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचा हात हलला नाही.

राहीला सहावा महिना लागला होता. खेप तिसरी. पहिलं सातव्यातच गेलं होतं, दुसरं बारा दिवस राहून नाव ठेवायच्या आत गेलं. आणि आता दिवेलागणीला तिला खांब आणि माणूस सारखेच झाले होते.

गोजरबाईला हे नवं नव्हतं, आणि राग त्याचाच होता. तिला स्वतःला सहा खेपांत सहाही वेळा असंच झालेलं. तिची सासू तेव्हा म्हणायची, पोटुशी बाईची सांजची नजर पोटातलं पोर वापरतं. बाळंत झाली की परत मिळते. नजर परत मिळालीही होती. सहापैकी चार पोरं मात्र मिळाली नव्हती. राहीचा नवरा सहादेव राहिला आणि राहुरीला दिलेली एक लेक राहिली. नजर आणि पोरं ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून बघायचं घरात कुणाला सुचलं नव्हतं. गोजरबाईलाही नाही. करपलेली भाकरी उलटताना ते तिला पहिल्यांदा सुचलं, आणि सुचल्याबरोबर ती आणखीनच चिडली.

"ऊठ तिथनं," ती म्हणाली. "खांब झाला सोच्छ."

*

चव्वेचाळीस सालचा श्रावण चालू होता. नेवाशाच्या अलीकडं प्रवरेच्या काठाला पुंजारामचा मळा होता, त्यात भुईमूग. पुंजाराम हा गोजरबाईचा नवरा. गळ्यात वारकऱ्याची माळ, बोलण्यात अधिकार आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत. त्याचं मत बहुतेक वेळा वस्तू बघण्याच्या आधीच तयार असे.

मिशनच्या दवाखान्यातली नर्स लिडियाबाई दर बुधवारी टांग्यानं गावच्या ख्रिस्तीवाड्यात यायची. गोजरबाईनं तिला आपले गुडघे दाखवायच्या निमित्तानं बोलावलं. सुनेचे डोळे दाखवायला बोलावलं म्हटलं असतं, तर पुंजारामनं विचारलं असतं की पोटुशी बाईला दिसत नाही यात दाखवायचं काय.

लिडियाबाई ओट्यावर बसली. तिच्यासाठी कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला गेला. चहा पिऊन तिनं तो स्वतःच विसळला आणि होता तिथं पालथा घातला. हा कप कुणाचा आणि का, हे दोन्हीकडं पाठ होतं. मग तिनं राहीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, जीभ बघितली, पायावर बोट दाबलं.

"संध्याकाळचं दिसत नाही ना? कधीपासून?"

"नागपंचमीपास्नं," राही हळूच म्हणाली.

"आणि आज सांगताय." लिडियाबाईनं गोजरबाईकडं बघितलं. गोजरबाईनं गुडघ्याकडं बघितलं. "ह्यावर माशाच्या काळजाच्या तेलाची बाटली देतो आम्ही."

दारात उभ्या पुंजारामचा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

"पण लढाईमुळं बाटल्या येत नाहीत."

पुंजारामचा हात खाली आला. लढाईचा त्याच्या घराला झालेला हा पहिला फायदा. आतापर्यंत तिनं फक्त घासलेट महाग केलं होतं.

"मग काय करायचं वो बाई?" गोजरबाईनं विचारलं.

"पाला द्यायचा. तांदुळजा, कुरडू, पाथरी, शेवग्याचा पाला. तुमच्या भुईमुगात गुडघाभर उगवलाय, मी येताना बघितला. रोज वाटीभर, गरम, वरनं तेलाची धार. तेल हवंच, नाहीतर डोळ्यापर्यंत पोचत नाही."

"पाला तर ढोरं खात्यात," पुंजाराम म्हणाला.

"म्हणून एकही ढोर खांबाला धडकत नाही." लिडियाबाईनं पिशवी आवरायला घेतली. रोज हेच आणि हेच सांगून तिच्या आवाजातली सगळी वळणं झिजली होती. "पोटातलं पोर मागत नाही, ओढून घेतं. आईच्या रक्तातनं, हाडातनं, डोळ्यातनं. आत भरलेलं असेल तर आई टिकते. नसेल तर दोघंही रिकामी. तुम्हाला किती झाली, बाई?"

"सा."

"गुडघे कधीपासून दुखतात?"

"चौथ्यापास्नं."

"आणि दात?"

गोजरबाईनं तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली. "पाचव्यापास्नं."

लिडियाबाईनं पिशवीचा बंद बांधला. ती तेवढ्यावर निघून गेली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण आबांनी आतून ओरडून विचारलं, पोट साफ व्हायला काही आहे का. आणि लिडियाबाई पडली खरं बोलणारी.

"तोच पाला पातळ करून द्या आबांना," ती टांग्यात चढता चढता म्हणाली. "तसं म्हटलं तर सगळ्यांनाच चांगला असतो तो."

*

दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं तांदुळजा निवडला, लसूण-मिरची ठेचून फोडणी दिली आणि वर तेल सोडलं. हा पाला त्या घरात पहिल्यांदा शिजत होता. मळा असलेल्या घरानं रानातलं उपटून खायचं म्हणजे गावाला काय वाटेल, असा आजवरचा विचार. तो पाला खुरपायला येणाऱ्या बायकांचा. संध्याकाळी काम सुटलं की त्या ओटीत भरून न्यायच्या. तसं कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण बांध जसा ठरवल्याशिवाय बांध असतो तसंच ते होतं.

वास माजघरापर्यंत गेला. घासलेट वाचवायचं म्हणून लढाई लागल्यापासून पुरुष दिस मावळायच्या आत जेवायला बसत आणि बायका मागून, अंधारात. पुंजाराम पाटावर बसला. त्याच्या शेजारी आबा, पलीकडं सहादेव.

"औशीद म्हनाली न्हवं ती? मग घरातल्या कर्त्यानं आदी घिऊन बघाय पायजे. बाधलं तर मला बाधूंद्या."

त्याला बाधलं नाही. त्यानं आणखी मागितलं. आबांना पातळ करून दिलं होतं, ते वाटी तोंडाला लावून प्यायले आणि दुसरी मागितली. सहादेव काही बोललाच नाही. तो बोलत नाही तेव्हा जेवत असतो.

"आयला!" पुंजारामनं बोटं चाटली. "हे असलं बेस आपुन इतकी वर्सं त्या बायांना फुकट नेऊ दिलं?"

गोजरबाईनं भाजीच्या पातेल्यात बघितलं. तळाला लसणाची दोन सालं होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंजाराम मळ्याच्या बांधावर जाऊन उभा राहिला. आठ बायका खुरपणीची पात, म्हणजे आपापली ओळ, संपवून उठत होत्या. पुढं मरियाबाई. उंच, हाडापेरानं मोठी, चाळिशीची, तिनं पात धरली की बाकीच्या तिच्या मागं ओढल्या जात. साऱ्यांच्या ओट्या पाल्यानं फुगलेल्या.

"वट्या हितं रिकाम्या करायच्या," पुंजाराम म्हणाला. "पाला न्यायचा न्हाई."

मरियाला आधी वाटलं, मालक गंमत करतोय. पुंजाराम गंमत करत नाही हे आठवल्यावर ती थांबली. "का वो मालक? म्हशीला पुरंना का?"

"औशीद हाय ते. डोळ्याचं. तुमचीच मिशनची बाई म्हनाली."

"आमची बाई आमाला बी म्हनती. म्हनून तर खातो."

"खाताय त्ये माज्या रानातलं."

"खुरपतंय कोन?" मरियानं कमरेवर हात ठेवला. "न खुरपता ठिवा की मग. लई औशीद हुईल. भुईमूग काडू नका, औशीदच काडा यंदा."

मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुंजारामचे कान लाल झाले. "रिकामी कर म्हनलं न्हवं!"

मरियानं ओटी सोडली. पाला बांधावर पडला. तिनं पदर झटकला, चिकटलेलं एक पानसुद्धा बोटांनी काढून ढिगावर टाकलं. तिच्या मागं एकेकीनं तसंच केलं. आठ जणींनी आठ वेळा पदर झटकला आणि त्या वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी एकही आली नाही. तिसऱ्या दिवशी त्या ओढ्यापलीकडच्या मळ्यात खुरपताना दिसल्या. तिथं ओट्या भरत होत्या.

*

श्रावणात तण वाट बघत नाही. चार दिवसांत भुईमूग दिसेनासा झाला आणि पुंजारामचं औषध मात्र मांडीपर्यंत आलं. शेवटी गोजरबाई खुरपं घेऊन निघाली. मागून सहादेव आणि राही.

पुरुषानं खुरप्याला हात लावायचा नाही, बैलांमागं कुळव धरायचा. पण भुईमूग एवढा दाटला होता की कुळव घातला तर तणासकट तोही निघाला असता. सहादेव पातीला बसला, डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला आणि वाटेनं कुणी जायला लागलं की तोंड कुंपणाकडं करून खुरपू लागला. त्यामुळं त्याची पात वाकडी गेली. पुंजाराम स्वतः बसला नाही. कुणीतरी बघायला हवं, म्हणून तो बघत होता.

गोजरबाईची कंबर पहिल्याच दुपारी बोलायला लागली. उकिडवं बसायचं, वीतभर सरकायचं, पुन्हा बसायचं. गुडघ्यातून खडे दळल्यासारखा आवाज यायचा. शेजारी राही एक हात पोटाखाली धरून दुसऱ्यानं खुरपत होती. तिचे ओठ पांढुरके पडले होते, नखंही. उठताना ती बांधाला धरून उठायची आणि थोडा वेळ तशीच उभी राहायची, जग जागेवर यायची वाट बघत.

"बस सावलीला," गोजरबाई खेकसली.

"न्हाई आत्याबाई, पात राहील."

"मरू दे पात."

पण राही बसली नाही, कारण बांधावर मामंजी उभे होते.

निघालेला पाला पुंजारामनं दोन पेंढ्या बांधून नेवाशाच्या बाजाराला नेला. जे मिशनची बाई सांगते त्याला गिऱ्हाईक असणारच, असा त्याचा हिशेब. दिवसभर तो पेंढ्यांशेजारी बसला. श्रावणात हा पाला प्रत्येकाच्या उकिरड्यावर उगवतो, हे बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दुपारी एका म्हातारीनं विचारलं, "शेळीला का रं बाबा?" संध्याकाळी एक ओळखीचा भेटला. त्यानं काही विचारलं नाही, नुसता पेंढ्यांकडं बघून हसला आणि घरी सगळी ठीक आहेत ना, एवढं म्हणाला. ते जास्त लागलं.

मलूल झालेल्या पेंढ्या घेऊन पुंजाराम परत आला आणि त्या त्यानं भुरीपुढं टाकल्या. भुरी म्हणजे घरची म्हैस. सहा महिन्यांची गाभण, दूध आटत आलेलं. तिनं दोन्ही पेंढ्या खाल्ल्या आणि मान वर करून आणखी आहे का बघितलं. दिवसभरात मालाचं चीज झालं ते एवढंच.

*

पाला घरात रोज शिजत होता. गोजरबाईनं पातेलं मोठं केलं. मग ताटात वाढायचा डाव मोठा झाला. ती वाढवील तेवढी पुरुषांची भूक वाढत होती.

एका सांजेला दोघी मागून जेवायला बसल्या. अंधार पडत होता, दिवा लावायचा नव्हता. गोजरबाईनं राहीला अर्धी भाकरी वाढली, बाजूला मीठ-मिरची. पातेलं पुन्हा पुसलेलं होतं. राही भाकरीचा तुकडा मोडून ताटात बोटं फिरवत होती. आधी एका कडेनं, मग दुसऱ्या. भाजी कुठं वाढली आहे ते शोधत होती. तिला दिसत नव्हतं की ताटात भाजीच नाही. विचारायची तर रीत नव्हती. एक पूर्ण फेरी मारून तिची बोटं मिठापाशी आली आणि तिनं तुकडा मिठाला लावला.

गोजरबाईनं हातातला घास ताटात ठेवला. मग अंधारातच उठून तिनं सहादेवाला गाठलं.

"तुज्या ताटात तुजी बायको जेवती. उद्या भाजी ठिवायची ताटात. निम्मी. कळलं का?"

"व्हय, आई."

दुसऱ्या दिवशी सहादेवानं निम्मी भाजी खाल्ली आणि थांबला. गोजरबाई बघत होती. तो उरलेल्याकडं बघत बसला. मग त्यानं उरलेल्यातली निम्मी खाल्ली. मग पुन्हा निम्मी.

"आई, लई झ्याक झाली गं आज," तो ताट चाटून म्हणाला. नंतर आईचं तोंड बघितल्यावर त्याला आठवलं.

तीन बुधवार उलटले. लिडियाबाई दारात आली तर आबा ओट्यावर बसून पोट हलकं झाल्याचा सविस्तर वृत्तांत द्यायला तयार होते. पुंजारामच्या तोंडावर तेज चढलं होतं.

"तुमचा पाला लागू पडला बरं का बाई! आमी समदे खातोय."

लिडियाबाईनं राहीची पापणी ओढली. आतून पापणी कोऱ्या कागदासारखी. "हिला कोण वाढतं?"

"उरंल त्यातलं घेती की ती."

"उरतं?"

आबांनी खाकरून घेतलं.

"पुंजारामभाऊ," लिडियाबाई म्हणाली, "तुमचे डोळे उत्तम आहेत. अगदी उत्तम." आणि टांग्यापाशी गोजरबाईला तिनं हळू आवाजात सांगितलं, "दोन महिन्यांनी तुम्ही मला बोलवाल. मी येईन. पण तेव्हा माझ्याकडं सांगायला पालासुद्धा नसेल. मागच्या दोन वेळांसारखंच होईल, आणि ह्या वेळी ती स्वतः राहील की नाही, सांगता येत नाही."

त्या दुपारी गोजरबाईनं नवऱ्याला सरळच विचारलं. "तिला आदी जेवू द्या. दोन म्हैनं. मग काय त्या रिती पाळा जलमभर."

"सून सासऱ्याच्या आदी जेवनार?" पुंजारामनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं देवळात म्हैस बांधायची परवानगी मागितली. "आन आबांच्या बी आदी? गावात तोंड दावायचं का न्हाई?"

"गाव काय आपल्या चुलीपुढं बसतंय?"

"तू न्हाई का पोरं काडली? मागनं जेवूनच काडली न्हवं?"

"काडली," गोजरबाई म्हणाली. "सा काडली."

पुढचं तिनं सांगितलं नाही. पुंजारामला पुढचं ठाऊकच होतं. तोच तर खड्डे खणायला गेला होता. तो जरा वेळ माळेचे मणी चाचपत राहिला, मग बैलांना पाणी पाजायचं राहिलं म्हणून उठला. पाणी सकाळीच पाजून झालं होतं.

*

दुसऱ्या दिवशी गोजरबाई ख्रिस्तीवाड्यात गेली. उभ्या जन्मात दुसऱ्यांदा. मरिया दारातच भाकरी खात बसली होती, तिच्या शेजारी तिची थोरली सून दया, तिलाही सातवा. दयाच्या हातावर भाकरी आणि भाकरीवर पाला.

"या मालकीनबाई," मरिया उठली नाही. "वटी तपासाया आलाव?"

"टोमनं मारून झालं की सांग. मग बोलते."

"आजून दोन हायेत. पर ऱ्हाऊ द्या, बोला."

"उद्यापास्नं खुरपाया या. पाला तुमचा. आदी हुता तसा."

"मालक म्हनलं?"

"मी म्हनते. मालकाला कंबर न्हाई मोडायची, माजी मोडली." गोजरबाई न बोलावता दगडावर बसली. तिची नजर दयाच्या हाताकडं गेली. "हिला सांजचं दिसतं का गं?"

"दिसतं की. मागल्या खेपंला न्हवतं दिसत, तवा बाईनं सांगितल्यालं."

"आन तुमच्यात आदी कोन जेवतं?"

मरियाला प्रश्नच कळला नाही. "आदी कोन म्हंजी? भाकर भाजल तशी खायाची. भूक ज्याची त्यो आदी." मग तिला उमगलं. "आमचं काय लई बेस न्हाई वो. पाला हाय तर तेल न्हाई. बाई म्हनती तेल घाल, मी म्हनते तू घाल. पावशेर तेल द्याल म्हैन्याला, तर उद्या येतो."

"दिते."

"मालकाला इचारून?"

"टोमनं ऱ्हाऊ द्या म्हनलीस न्हवं?"

मरिया हसली. उठून तिनं पाण्याचा तांब्या आणला, मग आठवण होऊन तो तसाच हातात धरून उभी राहिली. गोजरबाईनं तांब्याकडं बघितलं, मरियाकडं बघितलं. घशाला कोरड होती. तरी हात पुढं झाला नाही. मरियानं तांब्यातलं पाणी दारातल्या शेवग्याला घातलं.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "तुमच्या घरात गाभन म्हशीला कुनी मागनं ठिवत न्हाई. सरकी, पेंड, येळच्या येळी. म्हशीच्या जल्माला गेली असती तुमची सून, तर सुटली असती."

गोजरबाई ताडकन उठली. मरियाला वाटलं, लागलं बोलणं. पण गोजरबाई गुडघ्यांना न जुमानता अशी निघाली की दयाची भाकरी हातातच राहिली.

*

त्या संध्याकाळपासून भुरीचं आंबोण वाढलं.

सरकी, पेंड आणि भरडा भिजवून त्याचं घमेलं गोजरबाई रोज गोठ्यात न्यायची. आता त्यावर पोतं झाकलेलं असायचं. पोत्याखाली आंबोण, आंबोणावर झाकणाचं पातेलं, पातेल्यात गरम तांदुळजा तेलाच्या धारेसकट, आणि वर दोन भाकऱ्या. बरोबर राही, शेणाची पाटी घेऊन. पुरुषांची ताटं मांडायच्या आधी.

पहिल्याच दिवशी पुंजारामनं अडवलं. "एवढं आंबोण?"

"गाभन हाय. पोटुशीला आदी घालायचं आन जास्त घालायचं, तुमीच म्हनता."

"मग! तिनं खाल्लं तर पोटातल्याला मिळंल. रिकाम्या म्हशीला वासरू कुठनं व्हायाचं?" पुंजारामनं ह्या विषयावर बराच वेळ सांगितलं. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. "हयगय करू नगं. येळच्या येळी घाल. आमाला जेवाया उशीर झाला तरी चालंल."

"बरं," गोजरबाई म्हणाली.

राहीला पहिले दोन दिवस घास उतरेना. मामंजींच्या आधी जेवतोय म्हटल्यावर तिला रडूच आलं. "पाप लागंल आत्याबाई."

"लागू दे मला. गुडघ्यात ठिवते त्ये बी. गीळ."

बायका खुरपायला परत आल्या, ओट्या भरून गेल्या. पुंजारामनं बांधावरून तोंड फिरवलं, कारण भुईमूग दिसायला लागला होता. पुरुषांच्या पातेल्यातला पाला मात्र कमी झाला. आबांनी तक्रार केली. गोजरबाईनं सांगितलं, म्हशीला घालते, आणि तक्रार मिटली.

पंधराएक दिवस गेले. पितरपंधरवडा तोंडावर आला. आंबोणापायी पुरुषांचं जेवण आता दिवेलागणीवर गेलं होतं. गोठ्यात उजेड नावापुरता. भुरी घमेल्यात तोंड घालून सावकाश खात होती. राही दावणीच्या कडेला बसून खात होती. गोजरबाई दाराशी खांबाला टेकून पहारा देत होती.

"आत्याबाई."

"काय?"

"तुमच्या खांद्यावरचं ठिगळ उलटं बसलंय."

गोजरबाईचा हात खांद्यावर गेला. ठिगळ तिनं परवाच लावलं होतं, घाईत. ओसरीवर आबा दिवा लावा म्हणून ओरडत होते.

"तुला दिसतंय?"

"जरा जरा. भुरीचं कान दिसत्यात. आन तुमचं ठिगळ."

गोजरबाईच्या तोंडाशी बरंच काही आलं. सहा खेपा आल्या, चार खड्डे आले, सासूचं ते म्हणणं आलं. ह्यातलं काहीच बोलायची सवय तिच्या जिभेला नव्हती.

"आंधळी हुतीस तवाच बरी हुतीस," ती म्हणाली. "खा मुकाट्यानं."

राहीनं खाल्लं नाही. तिनं भाकरी मोडली, अर्धीवर पाला घेतला आणि हात पुढं केला. त्या सांजेसारखा हात खांबाकडं गेला नाही. सरळ गोजरबाईच्या हाताशी येऊन थांबला.

"तुमी बी घ्या."

पस्तीस वर्षांत गोजरबाईनं ह्या घरात गरम भाजी खाल्ली नव्हती. पुरुषांच्या आधी तर काहीच नाही, पाण्याशिवाय. तिनं बाहेर बघितलं, आत बघितलं आणि घास तोंडात घातला. उरलेल्या दातांनी चावायला वेळ लागत होता. मीठ थोडं कमी पडलं होतं. तिनं आणखी एक घास घेतला.

तेवढ्यात गोठ्याबाहेर वहाणा वाजल्या. पुंजाराम.

"म्हशीनं खाल्लं का?"

गोजरबाईचं तोंड भरलेलं. राहीनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि दोघींनाही दिसत होतं.

भुरीनं घमेल्यातून मान वर काढली आणि ती मोठ्यानं रेकली.

"खाल्लं दिसतंय," पुंजाराम समाधानानं म्हणाला आणि ओसरीकडं वळला. "चला, आता मानसांना वाडा!"